तुऱ्याच्या रंगाची गिटार

आमच्या चंदनावन्सं जेवता जेवता हरवायच्या. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवलेला, हात तिथंच थांबलेला आणि नजर खिडकीबाहेर कुठंतरी. मग सासूबाई म्हणायच्या, "आली का गं परत?" आणि वन्सं हसून घास तोंडात घालायच्या.

मी मगदुमांच्या घरात सून म्हणून आले तेव्हा वन्संनी तिशी गाठली होती. माझ्या नवऱ्याच्या त्या थोरल्या बहीण. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "जमलं न्हाय" एवढं सांगायच्या, जसं एखादीनं सांगावं की आज बाजारात कोथिंबीर मिळाली नाही. शाहूपुरीत आमचं घर होतं. खाली मामंजींचं, अण्णाप्पा मगदुमांचं, बी-बियाणांचं दुकान, वर आम्ही, आणि त्याच्यावर मोकळी गच्ची. वन्सं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला यंत्र लावून दिवसभर गावोगावच्या तारा एकमेकींना जोडायच्या. घरी आल्या की मला सांगायच्या, "वैनी, मिरजेचा आवाज करडा असतोय. बेळगावचा जरा ओला, शेवाळासारखा. सोलापूर लांबनं येतंय, ते पांढरं दिसतंय."

मी नवी होते. मला वाटायचं, माझी फिरकी घेताहेत. पुढं कळलं की त्यांना आवाज खरोखरच रंगांत दिसायचे, आणि सगळ्यांनाच तसे दिसत असतील असं त्या बरीच वर्षं धरून चालल्या होत्या.

त्यांच्याकडं एक इलेक्ट्रिक गिटार होती. मिरजेच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेली, तांबड्याभडक रंगाची. मुळात ती छातीशी धरून वाजवायची. पण वन्सं हवाईयन पद्धतीनं वाजवायला शिकलेल्या, म्हणून तारा उंच करून ती मांडीवर आडवी घ्यायच्या आणि तारांवरनं स्टीलची गुळगुळीत दांडी फिरवायच्या. सूर तुटायचाच नाही. एका सुरावरनं दुसऱ्यावर असा घरंगळत जायचा की ऐकणाऱ्याला आपण कुठं बसलोय याचा विसर पडावा. मामंजी खाली दुकानात गिऱ्हाइकाला मक्याचं बी देता देता थांबायचे. सासूबाईंना मात्र ते फारसं आवडायचं नाही. "रडतंय बघा," म्हणायच्या.

साल मला आता नीट आठवत नाही, शहात्तर-सत्त्याहत्तर असेल. श्रावणात शिरोळला वन्संच्या मामांकडं बारसं होतं. मामेबहिणींनी हट्ट धरला म्हणून वन्संनी गिटार बरोबर घेतली. बारसं झालं आणि कृष्णेचं पाणी वाढतंय अशी बातमी आली. एसटी बंद व्हायच्या आत निघायचं म्हणून आम्ही पोरंबाळं आणि पिशव्या गोळा करून पळालो. गिटार मामांच्या घरी मधल्या खोलीत राहिली. दोन रात्रींनी त्या खोलीत छातीएवढं पाणी शिरलं.

पूर ओसरल्यावर मामा ट्रॅक्टरवरनं भिजलेल्या धान्याची पोती कोल्हापूरला घेऊन आले, त्यांच्याबरोबर गिटार आली. तिच्यावर चिखलाचा थर होता. वन्संनी तिला न्हाणीत नेलं नाही, गच्चीवर नेलं आणि ओल्या फडक्यानं पुसत बसल्या. चिखल निघाला तसा तांबडा रंगही फडक्याला यायला लागला. रंगाखाली पाणी गेलं होतं. जागोजागी फोड आले होते, आणि बोट लावलं की पापुद्रा सुटून यायचा.

आमच्या गल्लीच्या तोंडाला मीरासाब रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. त्यांनी गिटार उलटी करून स्क्रू काढले, मान वेगळी केली, पोटातलं सगळं बाहेर काढलं.

"चंदनाबाई, आतलं मी बघतो," ते म्हणाले. "कॉइल वाळवतो, गंजलेली तार बदलतो. पण अंगाचं तुमचं तुम्ही बघा. रंगकाम आपल्याला येत न्हाय."

मग वन्संनी आकाराम सुताराला बोलावलं. त्यानं ते नुसतं लाकडी धड हातात घेतलं, वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "लाकूड बेस हाय. पानी पिलंय, पर फाटलं न्हाय. सनमायका मारून देतो की. टेबलागत चकाचक. परत पूर आला तरी भ्या न्हाय."

वन्संनी ते धड आपल्याकडं ओढून घेतलं. डोळ्यांसमोर सनमायकाची गिटार आली असणार. मग म्हणाल्या, "नको आकाराम. मीच करते. तू फक्त सांग कसं करायचं."

तिथनं आमच्या घरात तो उद्योग सुरू झाला.

पहिल्यांदा जुना रंग काढायचा होता. गच्चीवर जिन्याच्या डोक्यावर पत्र्याचं छप्पर होतं, त्याच्याखाली आम्ही पोतं अंथरलं. आकारामनं फुटक्या काचेचे तुकडे दिले आणि ते कसे धरून खरवडायचं ते दाखवलं. बाहेर पाऊस भुरभुरत असायचा. वन्सं ड्यूटीवरनं आल्या की वर जायच्या, मीही स्वयंपाक आटोपून जायचे. काचेखालनं तांबड्या रंगाच्या बारीक कपच्या निघायच्या आणि आमच्या पदरावर, केसांत बसायच्या. एकदा माझा हात कापला, दोनदा त्यांचा.

तांबडा रंग निघाला आणि खाली आभाळी निळा लागला. कुणीतरी कधीतरी ही गिटार निळी रंगवली होती. वन्सं त्या निळ्या डागावर बोट ठेवून बसल्या.

"वैनी, ही कुठंतरी निळी वाजली असंल. ते कुणी ऐकलं असंल गं?"

निळ्याच्या खाली दुधी पांढरा निघाला. पांढऱ्याखाली एकदाचं लाकूड आलं, फिकट बदामी, नदीच्या वाळूवर लाटांनी ओढलेल्या रेघांसारख्या रेषांचं. आम्ही दोघी त्या रेषांवरनं बोटं फिरवत बसलो. छपरावर पाऊस वाजत होता. खालनं सासूबाई हाका मारत होत्या आणि आमच्यातली एकही ओ देत नव्हती.

"कुठला रंग देणार?" मी विचारलं.

"उसाच्या तुऱ्याचा," त्या म्हणाल्या, जणू हे कधीचं ठरलेलं होतं. "थंडीत शिरोळच्या शेतात तुरे येत्यात बघा. लांबनं रुपेरी दिसत्यात, जवळ गेलं की जरा जांभळट. हिचा आवाज तसा हाय. आधीपासनं तसाच होता, आणि ही बिचारी तांबडी होऊन बसलेली."

लाकूड घासून झालं. लाकडाच्या बारीक भोकांत लांबी भरायची होती, म्हणजे खडूच्या पुडीचा घट्ट लेप. तोही भरला, वाळवला, परत घासला. मग आकाराम म्हणाला, "आता लाखंचं पॉलिश मारा. लाखदाणा स्पिरिटमधी भिजत घाला. त्याच्यावर मग पायजे तो रंग." त्यानं कागदाच्या पुडीतनं लाखदाणा आणूनही दिला, तांबूस पिवळा, पातळ पापड्यांसारखा.

पुडी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात ठेवली ही माझी चूक. सासूबाईंनी, म्हणजे रत्नाबाईंनी, ती उघडून वास घेतला.

"काय गं हे? डिंक हाय का?"

"लाख हाय अव्वा," वन्सं म्हणाल्या. "गिटारीला."

"कशाची असत्या ही लाख?"

वन्संना खोटं बोलता यायचं नाही. "झाडावर किडं असत्यात, त्यांच्यापासनं काढत्यात."

सासूबाईंनी पुडी हळूच खाली ठेवली. चातुर्मास चालू होता. त्या एकवेळ जेवायच्या, रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जायच्या, पाणी दुहेरी फडक्यातनं गाळल्याशिवाय घरात कुणाला प्यायला मिळायचं नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "किती किडं मेलं असतील गं एवढ्या पुडीत?"

पुडी त्याच दिवशी आकारामकडं परत गेली. वन्संनी वाद घातला नाही. मला नंतर म्हणाल्या, "मला म्हाईत होतं वैनी. मी मनाला विचारलंच न्हवतं." पण गोष्ट तिथं थांबली नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई दुकानात उतरल्या आणि मामंजी बियाणांच्या पुड्यांवर ज्या लाखेचा ठसा उमटवायचे, ती लाखही त्यांनी उचलायला लावली. पुढं कित्येक महिने मगदुमांच्या पुड्या खळीनं चिकटवलेल्या असायच्या, आणि मामंजी गिटारीकडं बघून न बघितल्यासारखं करायचे.

आता लाखेशिवाय काय? माझे यजमान बापूसो, यांनी उचगावच्या गैबीचं नाव काढलं. गैबी ट्रक रंगवायचा. गाड्यांना मारतात तो डुको रंग त्याच्याकडं होता, आणि त्यात किड्यामुंग्यांचा काही संबंध नव्हता. रविवारी आम्ही दोघी गिटारीचं धड चादरीत गुंडाळून उचगावला गेलो. गैबी उंच, दाढीला रंगाचे ठिपके लागलेला माणूस. एका ट्रकच्या पाठीवर तो मोर काढत होता.

"बसा पावणं," तो म्हणाला, आणि चादर उघडल्यावर खळखळून हसला. "मला वाटलं, आजारी पोरगं आणलंय."

वन्संनी सगळं सांगितलं. त्यानं लाकडावरनं तळवा फिरवला. "माझ्या फवाऱ्याच्या मशीननं मारून दिलं असतं ताई. पर हितं धूळ हाय, चार गाड्यांचा रंग हवंत हाय. तुमची गिटार मोरागत रंगीबेरंगी हुईल. घरी मारा, सावकाश मारा. पातळ पातळ हात द्या."

त्यानं आधी मारायचा बिनरंगी डुको दिला, थिनर दिला. घरी मशीन नव्हतं. शेजारच्या अंबूबाईंकडं डासांसाठी फ्लिटचा पंप होता, तो वन्संनी मागून आणला, धुतला आणि त्यात डुको भरला. सासूबाईंनी पंप पाहिला आणि तशाच देव्हाऱ्याकडं निघून गेल्या.

पंपातनं कधी धुकं निघायचं, कधी थेंब. तरीही एका बाजूला पहिला हात बसला तेव्हा लाकडाच्या रेषा पाण्याखालनं दिसाव्यात तशा उजळल्या. वन्सं दोन्ही हात मागं धरून बघत राहिल्या. आणि बघता बघता त्या चकाकीवर पांढरी साय धरायला लागली. आधी कडेला, मग मधोमध, आणि थोड्या वेळात त्या सगळ्या बाजूवर पहाटेच्या धुक्यासारखा पांढुरका पडदा आला. पुसून जाईना.

गैबीला विचारायला बापूसोच गेले. तो म्हणाला, "हवंत पानी हाय नव्हं. डुको वाळता वाळता पानी पितंय. पाऊस सरू दे."

आम्ही पाऊस सरायची वाट पाहिली. भाद्रपद गेला, नवरात्र गेलं. धड गच्चीच्या छपराखाली दोरीला टांगलेलं असायचं. वारा आला की हळूच गोल फिरायचं, एकदा लाकडाची बाजू, एकदा धुक्याची बाजू. वन्सं चहाचा कप घेऊन ते फिरणं बघत बसायच्या. त्या दिवसांत त्या गिटारीबद्दल बोलतच नव्हत्या, पण मला वाटतं, ती त्यांनी सगळ्यात जास्त तेव्हाच वाजवली.

ऑक्टोबरचं ऊन कडक पडलं. वन्संनी पांढुरकी साय घासून काढली आणि एका सुट्टीच्या दिवशी, उन्हं कलल्यावर, पुन्हा पंप हातात घेतला. या वेळी जमलं. साय आली नाही, थेंब पडले नाहीत. मावळतीचा उजेड त्या ओल्या अंगावर उतरला होता. आम्ही खाली जेवायला गेलो, कारण आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची रीत. जेवून वर आलो आणि वन्सं जिन्याच्या तोंडाशीच थांबल्या.

ओल्या डुकोवर चिलटं बसली होती. बारीक, पंखवाली, शेकडो. काही अजून पाय हलवत होती.

वन्सं खाली बसल्या. सुईच्या टोकानं एकेक सोडवायचा प्रयत्न केला. पंख तुटून यायचे. "माझ्या हातनं झालं वैनी," त्या म्हणत राहिल्या. "लाख नको म्हणाले आणि हे करून बसले." मी त्यांना उठवायला गेले, तर त्यांनी हातातली सुई सोडली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी काच घेतली आणि सगळं खरवडून लाकूड पुन्हा उघडं केलं. मग धड पोत्यात गुंडाळलं आणि कपाटावर टाकलं. दिवाळीत मीरासाब पोटातलं सगळं दुरुस्त करून एका डब्यात घेऊन आले. वन्संनी डबा घेतला, पोत्याशेजारी ठेवला आणि त्यांना फराळाचं दिलं.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. त्यांनी मला एकदाच विचारलं, "लई किडं होतं का गं?"

"होते," मी म्हणाले.

थंडी पडल्यावर वन्सं एकट्याच शिरोळला जाऊन आल्या. पुरात वाचलेल्या उंचवट्यावरच्या उसाला तुरे आले होते. परतल्या तेव्हा हातात एक लांब तुरा होता, एसटीच्या गर्दीत थोडा पिंजारलेला. तो त्यांनी पाण्याच्या तांब्यात उभा केला. त्या संध्याकाळी सासूबाई तांब्यापाशी बसल्या होत्या. तुऱ्यावरनं त्यांनी बोट फिरवलं. त्यांचं माहेर शिरोळचंच.

"आमी ल्हान असताना ह्येची खेळायला साळुंकी करायचो, पाखरू," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून वन्संना म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं सांजंला रंग द्यायला? चिलटं दिवस मावळताना निघत्यात. आपुन उगं लवकर जेवतो व्हय? दुपारी उन्हं तापली की न्हायत ती. थंडीत तर न्हायतच. आणि वर फडकं नको का धरायला?"

वन्सं बघतच राहिल्या.

"माझ्याकडं मलमलीचं जुनं फडकं हाय," सासूबाई म्हणाल्या. "पाणी गाळायचंच, पर मऊ हाय. चार काठ्या लाव आणि तंबू कर."

मग वन्सं तुरा घेऊन पुन्हा गैबीकडं गेल्या, मीही गेले. गैबीनं तो उजेडात धरला, सावलीत धरला, डोळे बारीक केले. पांढऱ्यात त्यानं चांदीची भुकटी घातली, थेंबभर जांभळा, मग किंचित करडा. काडीनं ढवळून पत्र्यावर ठिपका द्यायचा आणि वन्संच्या तोंडाकडं बघायचा. त्या नाही म्हणून मान हलवायच्या. पुन्हा ढवळायचा. कधीतरी वन्संनी मान हलवलीच नाही, नुसत्या बघत राहिल्या, आणि गैबी समजला.

"असला रंग गाडीला कोण लावत न्हाय ताई," तो म्हणाला. "गाडी दिसायचीच न्हाय धुक्यात."

पौषातली ती दुपार मला अजून दिसते. गच्चीत मलमलीचा तंबू, आत वन्सं पदरानं नाक बांधून पंप मारताहेत, बाहेर सासूबाई पाटावर बसून तंबूच्या कडा हातानं दाबून धरताहेत. ऊन मलमलीतनं गाळून आत पडत होतं, आणि आतला रुपेरी तुषार त्या उजेडात तरंगत होता. बाहेरनं वन्सं सावलीसारख्या दिसत होत्या. कुठं गिरणीचा पट्टा वाजत होता, कुठं कुणी गव्हाला ऊन दाखवत होतं. सासूबाईंनी मध्येच विचारलं, "बसतंय का गं?" आणि आतनं उत्तर आलं, "बसतंय अव्वा."

त्या दिवसांत वन्संना सकाळपाळी होती; असे पातळ हात रोज एक, असं बरेच दिवस चाललं. एक दिवस वारा सुटला आणि मलमल ओल्या अंगावर टेकली. उचलली तेव्हा गिटारीच्या पाठीवर विणीची बारीक जाळी उमटून राहिली होती. खालच्या कडेला एक ओघळही आला होता. वन्संनी घासायचा कागद हातात घेतला, पाठीवरनं बोट फिरवलं आणि कागद खाली ठेवला. "राहू दे," म्हणाल्या. "पाठ हाय, माझ्याच मांडीवर असणार."

रंग वाळल्यावर तुऱ्यापेक्षा गडद झाला. हे खरंच सांगायला हवं. दिवसा तो राखेसारखा वाटायचा. सकाळच्या कोवळ्या उजेडात मात्र रुपेरी व्हायचा आणि त्याखालनं जांभळट छटा वर यायची. मीरासाबनी माघात गिटार जोडून दिली. अ‍ॅम्प्लिफायरचं बटण फिरवलं आणि आम्ही सगळे कान देऊन बसलो. आधी गुणगुण आली, आणि मग स्पष्ट आवाजात गिटार बोलायला लागली, "सांगली बाजारपेठेत आज हळदीची आवक..."

मामंजी उठूनच उभे राहिले. मीरासाब कपाळावर हात मारून हसायला लागले. एक तार चुकीची लागली होती आणि गिटार सांगलीचं रेडिओ स्टेशन पकडत होती. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "रडायची बंद झाली की गं," म्हणाल्या.

तार बदलल्यावर वन्संनी दांडी तारांवर ठेवली. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. त्यांनी स्वतःच शोधलेलं काहीतरी होतं, संथ, वळणावळणानं जाणारं. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.  पुढं दुपारी वन्सं वाजवायला बसल्या की त्या वाती वळायचं सामान घेऊन त्याच खोलीत यायला लागल्या.

ऐंशीच्या आसपास वन्संची निपाणीला बदली झाली. स्टँडवर पोचवायला मी गेले होते. थंडीचे दिवस होते. गिटार त्यांनी सासूबाईंच्या जुन्या दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती, ओघळाची कड आत करून. गाडी सुटायच्या आधी कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापाशी आला आणि म्हणाला, "अक्का, पोराला खिडकीकडनं आत घ्या की. वारं लागंल."

वन्संनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग दुपटं नीट सारखं केलं आणि गिटार आतल्या बाजूला घेतली.

"व्हय," त्या कंडक्टरला म्हणाल्या. "झोपलंय."